खून घरातला, तपासही घरातून

मानकोली नाक्यावरून ठाण्याकडे किंवा नाशिककडे निघालेल्या माणसाला गाव असं दिसतच नाही. दिसतात ते कंटेनर, ट्रेलर, टायरची दुकानं आणि लांबच लांब पत्र्याच्या शेडा. गाव त्यांच्या मागे आहे. पिढ्यान् पिढ्या भात पिकवलेल्या आगरी कुटुंबांची घरं आहेत, देवळं आहेत, पावसाळ्यात पाण्याने भरणारी उरलीसुरली खाचरं आहेत. मुंबईत माल न्यायचा तर जकात भरावी लागे, म्हणून शहराच्या हद्दीबाहेर पण हाकेच्या अंतरावर माल उतरवून ठेवायची सोय व्यापाऱ्यांना हवी होती. ती भिवंडी तालुक्यातल्या खेड्यांनी दिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. ऑनलाइन खरेदीचा माल साठवायला जागा लागतेच. आता उल्हास खाडीवरच्या मोठागाव-मानकोली पुलाने डोंबिवलीही समोर आणून ठेवली आहे. आजोबा ज्या जमिनीचा हिशेब भाताच्या मणांत करत, नातू तिचा हिशेब चौरस फुटाच्या भाड्यात करतो.

जमिनीचं मोल एवढ्या लवकर पालटलं की घरातल्या माणसांचं एकमेकांशी असलेलं नातंही हलतं. कोणाचं नाव लागलं, कोणाचं राहिलं, सही कोणी केली, अंगठा कोणाचा घेतला, यावर भाऊ भावाशी बोलेनासा होतो. मराठी रहस्यकादंबरी लिहू पाहणाऱ्याला इथे फार मोठा ऐवज पडून आहे, असं माझं ठाम मत आहे. खून, संशयाच्या छायेतलं एक घर आणि पोलीस नसलेला शोधक, हे तीन धागे घेऊन रहस्यकादंबरीचा जो प्रकार जगभर लोकप्रिय झाला, तो बंदिस्त इंग्रजी वाड्यांत वाढला. त्याला लागणारी माती मात्र आपल्याकडे जास्त कसदार आहे. ते का, हे समजून घ्यायचं तर या प्रकाराचा उगम पाहावा लागतो, आणि तो एका खऱ्या गुन्ह्यात आहे.

इंग्लंडमध्ये सॉमरसेट आणि विल्टशायर परगण्यांच्या सीमेवर रोड नावाचं खेडं आहे. तिथल्या केंट कुटुंबाच्या घरातून १८६० च्या जूनअखेरीस एका रात्री चार वर्षांचाही न झालेला मुलगा नाहीसा झाला आणि सकाळी आवारातल्या शौचकुपात त्याचा मृतदेह सापडला. बाहेरून कोणी घर फोडून शिरल्याची खूण नव्हती. म्हणजे मारणारा घरातलाच. त्या घरात वडील, त्यांची दुसरी बायको, पहिल्या बायकोची मोठी झालेली मुलं, दुसरीची लहान मुलं आणि नोकर असे सगळे राहत. दुसरी बायको आधी त्याच घरात मुलं सांभाळायला होती. पहिली बायको हयात असतानाच तिचा घरात वरचष्मा झाला होता. थोडक्यात, घर बाहेरून प्रतिष्ठित होतं आणि आतून उसवलेलं.

स्थानिक पोलिसांना काही सुधरेना, तेव्हा लंडनहून स्कॉटलंड यार्डचा जोनाथन विचर आला. त्याचा संशय सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्सवर बसला, मेलेल्या मुलाच्या सावत्र बहिणीवर. त्याच्या हातात पुरावा काय होता? धुण्याची वही. घरातले कपडे धोबिणीकडे जाताना त्यांची नोंद होत असे. कॉन्स्टन्सचे रात्रीचे झगे तीन होते आणि त्यातला एक सापडत नव्हता. रक्ताने माखलेला झगा तिने नष्ट केला असावा, हा त्याचा तर्क. तो बरोबर होता, पण झगा हाती लागला नाही, मुलगी सुटली आणि सगळा देश विचरवर तुटून पडला. माळ्याच्या पोटी जन्मलेल्या एका पोलिसाने सभ्य घरातल्या मुलीचे कपडे मोजावेत, हे लोकांना खुनापेक्षाही असह्य झालं. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, कॉन्स्टन्सने स्वतःहून गुन्हा कबूल केला. फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली, वीस वर्षं तुरुंगात काढून ती ऑस्ट्रेलियात गेली, नाव बदलून परिचारिका म्हणून जगली आणि १९४४ मध्ये शंभर वर्षांची होऊन वारली.

या प्रकरणाने वाचकांना एक गोष्ट दाखवली. घरातल्या गुन्ह्याचा पुरावा घराच्या रोजच्या व्यवहारात दडलेला असतो: कपड्यांच्या मोजणीत, दूध कोणी घेतलं यात, कुत्रं भुंकलं की नाही यात. आणि तो वाचायला बाहेरच्या अंमलदाराला फार जड जातं. विल्की कॉलिन्सने १८६८ च्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीत हे सगळं उचललं. हरवलेला झगा उचलला, विचरवर बेतलेला सार्जंट कफ उभा केला, फक्त खुनाच्या जागी हिऱ्याची चोरी घातली. हिरा आपल्याकडचा. सोमनाथच्या मूर्तीचा, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला. त्या कादंबरीत कफ अर्ध्यावर थांबतो आणि पुढचा शोध घरातलाच एक तरुण घेतो. रहस्यकादंबरीतल्या हौशी शोधकाची गादी तिथे घट्ट झाली.

ॲगाथा ख्रिस्ती त्या गादीची सर्वांत यशस्वी वारस. तिने पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या दवाखान्यात औषधं तयार करण्याचं काम केलं होतं, त्यामुळे विषांचं ज्ञान तिला पुस्तकातून आणावं लागलं नाही. १९२० साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीतच श्रीमंत म्हातारी, तिचा तरुण नवरा, सावत्र मुलं आणि मृत्युपत्र असा सगळा संसार मांडलेला आहे. पुढे १९३० पासून कादंबरीत आलेली मिस मार्पल ही तर विणकाम करत बसणारी खेड्यातली म्हातारी. तिला ठशांची पावडर लागत नाही. अमुक माणूस आपल्या गावातल्या तमुक माणसासारखा वागतोय, एवढं तिला दिसतं आणि तिचा तपास सुरू होतो. १९४९ ची ‘क्रूकेड हाउस’ तर या प्रकाराचा अस्सल नमुना आहे: ग्रीक वंशाचा एक धनाढ्य म्हातारा, एकाच छपराखाली तीन पिढ्या, विषप्रयोग, आणि घरातल्या मुलीशी लग्न करू इच्छिणारा तरुण, ज्याला खरं समजल्याशिवाय लग्न करता येत नाही. शेवट सांगत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद हिरावून घेण्याचं पाप नको.

हा हौशी शोधक निव्वळ लेखकाच्या सोयीचा, प्रत्यक्षात असं कोणी नसतं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो घेणाऱ्यांना रजनी पंडित यांची पहिली कामगिरी सांगायला हवी.

खासगी हेर म्हणून रजनी पंडित हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. वडील सीआयडीत होते. त्या स्वतः मराठी साहित्य शिकल्या आणि शिक्षणानंतर एका कचेरीत कारकून म्हणून लागल्या. तिथल्या एका सहकारी बाईंच्या घरात चोऱ्या होत होत्या. घरात नुकतीच सून आली होती, त्यामुळे संशय तिच्यावर. सासूकडे पुरावा नव्हता आणि पोलिसांत जायचं तर घराची अब्रू जाणार. विशीतल्या रजनीने, कोणीही न नेमता, कुठलंही कार्ड खिशात नसताना, त्या घरातल्या माणसांवर पाळत ठेवली. कोण कधी बाहेर पडतो, कुठे जातो, हे पाहत राहिली. चोर निघाला त्या बाईंचाच मुलगा. सून निर्दोष.

रहस्यकादंबरीचा सगळा सांगाडा या छोट्या प्रकरणात आहे. घरात नवी आलेली व्यक्ती सर्वांत आधी संशयित होते, कारण तिच्यावर संशय घेणं घराला सर्वांत स्वस्त पडतं. आपल्या पोटच्या मुलाकडे बोट दाखवायला आईची जीभ उचलत नाही. पोलिसाला घरात घ्यायची कोणाची तयारी नसते. मग एखादी शेजारीण, सहकारी, भाचा, होणारा जावई असं कोणीतरी लागतं, जे उंबऱ्याच्या आतही आहे आणि बाहेरही. सून त्या संशयातून सुटली नसती तर तिचं काय झालं असतं, याचा विचार केला की ती छोटी चोरी मला छोटी वाटत नाही.

पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामगिरीत नवरा आणि मुलगा यांच्या खुनाचा संशय असलेल्या एका बाईच्या घरी त्या मोलकरीण म्हणून सहा महिने राहिल्या. ती आजारी पडली तेव्हा तिची शुश्रूषा केली, विश्वास मिळवला. अखेर संशयित मारेकरी त्या घरी आला. त्याच क्षणी बाहेर निरोप पोचवायला हवा, पण घराबाहेर पडायला निमित्त नाही. रजनीबाईंनी स्वयंपाकघरातल्या सुरीने स्वतःचा पाय कापून घेतला आणि मलमपट्टीच्या सबबीवर बाहेर पडून फोन केला. हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने अतिरंजित म्हणून कापलं असतं. मोलकरणीसमोर घर बोलतं, हे मात्र त्यातलं शिकण्यासारखं सत्य. भांडी घासणाऱ्या बाईला घरातलं भांडण मालकिणीच्या सख्ख्या बहिणीच्याही आधी कळतं.

मग मराठीत असा शोधक कितीसा आला? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं घेतली की आजही साठीपुढचे वाचक खुलतात. वाचनालयातून रोज एक पुस्तक नेऊन दुसऱ्या दिवशी बदलणारी पिढीच्या पिढी त्यांनी घडवली, आणि त्यांचं ऋण मराठी वाचनसंस्कृतीने मोकळेपणाने मानायला हवं. पण त्यांचे नायक साहसाचे, वेषांतराचे, पाठलागाचे. स्वयंपाकघरात थांबून कोण कोणाला वाढत नाही हे पाहायला त्यांना सवड नसते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे खराखुरा हौशी शोधक, आणि मुलांच्या साहित्यात त्याला तोड नाही. त्याचं जग मात्र शाळेचं, सुट्टीचं, सायकलचं. मोडकळीला आलेलं घर त्याच्या वयाला पेलणारं नव्हे.

मोडकळीला आलेली घरं मराठीत आली ती दुसऱ्या दारातून. महेश एलकुंचवारांचं १९८५ चं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. वडील वारलेत, मुंबईचा मुलगा गावी आलाय, तेराव्याचा खर्च कोणी करायचा यावरून तणाव आहे आणि घरातलं सोनं नाहीसं होतं. कौटुंबिक रहस्यकादंबरीचे सगळे धागे तिथे हजर आहेत. एलकुंचवारांना त्यातून वेगळं काही सांगायचं होतं आणि ते त्यांनी फार मोठ्या ताकदीने सांगितलं. पण आपल्याकडे घराची पडझड गंभीर नाटककाराकडे गेली, गुन्हा गेला पाठलागाच्या पुस्तकाकडे, आणि दोघांची गाठ फार क्वचित पडली, हे हेरून ठेवण्यासारखं आहे.

बंगालीत ही गाठ पडली आणि त्यातला काही भाग तर महाराष्ट्रात लिहिला गेला. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. मधली बरीच वर्षं त्यांनी ब्योमकेशला हात लावला नव्हता. तो पुन्हा सुरू झाल्यावरच्या कितीतरी कथा पुण्याच्या मुक्कामातल्या आहेत. त्यांच्या कथांमधली घरं पाहा. एका आधीच्या कथेत तर एक चिडका म्हातारा रागाच्या भरात वरचेवर मृत्युपत्र बदलतो आणि त्याच्या आश्रयाला राहिलेले भाचे-पुतणे श्वास रोखून बसतात. त्याच प्रकरणात ब्योमकेशला त्याची पुढची बायको भेटते. हिंदीतून दूरदर्शनवर १९९३ मध्ये आलेल्या ब्योमकेशला मराठी घरांनी मनापासून आपलं म्हटलं, कारण ती धोतरातली, चहा पिणारी, एकमेकांवर डोळा ठेवून असलेली कुटुंबं आपल्याला ओळखीची होती.

मराठी लेखकाने असा हौशी शोधक उभा केला, तर कायदा त्याच्या आड येतो असं अनेकांना वाटतं. खासगी हेरांसाठी राज्यसभेत २००७ मध्ये विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही, हे खरं. संशयावरून अटक करणं, झडती घेणं, कोणाच्या फोनची माहिती काढणं यातलं काहीही खासगी माणसाला करता येत नाही आणि कादंबरीतल्या शोधकानेही करू नये. पण एका बाबतीत आपला कायदा त्याला पोलिसापेक्षा वरचं पान वाढतो. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आपल्याकडे नियम आहे की पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १ जुलै २०२४ ला नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही तो कायम आहे. मारझोड करून कबुली घेतली जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद. उलट आरोपीने स्वतःहून एखाद्या नातेवाइकाजवळ, शेजाऱ्याजवळ, मित्राजवळ गुन्हा बोलून दाखवला, तर ती न्यायालयाबाहेरची कबुली पुरावा म्हणून मांडता येते. न्यायालयं तिला दुबळा पुरावा समजतात, दुसरा दुजोरा मागतात, ती दबावाविना दिली होती का हे तपासतात. तरी मांडता येते. इंग्रजी कादंबरीत शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून शोधक गुन्हेगाराकडून कबुली काढतो, तो प्रसंग नाटकी वाटतो. आपल्या कायद्यात मात्र त्याला अर्थ आहे: काकूजवळ बोललेलं वाक्य जिथे पोचू शकतं, तिथे ठाण्यात बोललेलं पोचत नाही.

कबुली नसेल तर? मग परिस्थितीजन्य पुरावा, आणि त्याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने एका पुण्याच्या खटल्यात घालून दिले. सारडा खटला म्हणून तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. नवविवाहिता, १९८२ च्या जूनमधली एक रात्र, सायनाइडने मृत्यू. आत्महत्या की खून, हा प्रश्न. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने पतीची निर्दोष मुक्तता केली. मृत तरुणीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांचा न्यायमूर्तींनी बारकाईने विचार केला. त्याच निकालात ती प्रसिद्ध पाच तत्त्वं आहेत, ज्यांना न्यायालयानेच पंचशील म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पक्की सिद्ध झालेली हवी, तिचा रोख आरोपीच्या दोषाकडेच हवा, ती निर्णायक स्वरूपाची हवी, दुसरी कुठलीही शक्यता शिल्लक राहता कामा नये आणि साखळी कुठेही तुटता कामा नये. रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याने हा निकाल मुळातून वाचावा. शेवटच्या प्रकरणात आपला शोधक जे सांगणार आहे, त्याला ही पाच तत्त्वं लावून पाहावीत. चौथ्या तत्त्वावर बहुतेक कादंबऱ्या आपटतात.

घरातल्या गुन्ह्याबद्दल आणखी एक निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात, २००६ मध्ये आला. चार भिंतींच्या आत, कोणी पाहत नसताना गुन्हा झाला, तर त्या घरात तेव्हा हजर असलेल्यांनी काय घडलं याचं स्पष्टीकरण द्यायला हवं. नुसतं गप्प बसून भागत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. घराचं मौन हाच या कादंबरीप्रकाराचा खरा विषय, आणि त्या मौनाला कायद्याने विचारलेला हा प्रश्न आहे.

आता मानकोलीकडे येतो. समजा, रस्त्यालगत दोन एकर जमीन असलेलं एक घर आहे. तीन भाऊ, दोन बहिणी, म्हातारा बाप. गोदामासाठी जागा मागणारा आला आहे आणि बाप सकाळी विहिरीत सापडतो. संशयाची सुरुवात कुठून करायची? ठसे, रक्त, सीसीटीव्ही हे पोलीस पाहतीलच. आपला हौशी शोधक सातबारा काढेल.

सातबारा हाती घेऊन पाहिला तर तो कथा सांगतो. प्रत्येक नावापुढे वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. ते नाव कोणत्या नोंदीने आलं, हे त्या आकड्यावरून मागे जाऊन काढता येतं. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस पडतो. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावापुढे ए.कु.म. अशी अक्षरं दिसतात, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. धाकट्याच्या मुलांना हे ठाऊक नसेल तर ते स्वतःला भूमिहीन समजून पंधरा वर्षं त्याच गोदामात हमाली करत असतील. आणि बहिणींची नावं? ती बऱ्याचदा मूळ रकान्यात नसतात, ‘इतर हक्क’ या रकान्यात उजवीकडे बारीक अक्षरांत असतात. पीकपाण्याच्या नोंदीत भात लिहिलेलं आहे आणि जागेवर शेड उभी आहे, असं दिसलं तर शोधकाने थांबून विचारावं की भाडं मग कोणाच्या खात्यात जातं.

फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. बहीण लग्न होऊन डोंबिवलीला गेली आहे आणि नोटिशीवर तिची सही आहे. सही कोणी घेतली? कुठे? भाऊबीजेला ओवाळणी घालताना हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली, अशा गोष्टी या पट्ट्यात कोणाला नवीन नाहीत. हा अन्याय इतका सवयीचा झाला आहे की त्याला अन्याय म्हणायलाही माणसं कचरतात, आणि म्हणूनच तो कादंबरीत यायला हवा.

कायद्याच्या तारखा तर कथानकच रचून देतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी अबाधित राहते. आता त्या घरात बाप गेल्यावर अचानक २००३ सालचं वाटणीपत्र निघालं, तर ते खरं आहे का? मुद्रांकाच्या कागदाच्या मागे विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. विक्रेत्याच्या नोंदवहीत तो क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या नावावर निघाला, की केंट कुटुंबाच्या धुण्याच्या वहीतला हरवलेला झगा सापडलाच म्हणून समजा.

याहून मोठा पेच हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. खून करणाऱ्याला, किंवा खुनाला साथ देणाऱ्याला, खून झालेल्या माणसाचा वारसा मिळत नाही. मुंबई इलाख्यातून लंडनला गेलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व १९२४ मध्ये मान्य केलं होतं आणि १९५६ च्या कायद्याने ते लेखी केलं. याचा अर्थ असा की ‘खुनी कोण’ या प्रश्नाच्या उत्तरावर वाटणी बदलते. मधला भाऊ दोषी ठरला तर बापाच्या हिश्श्यातला त्याचा वाटा उरलेल्यांत जातो. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या साक्षीला गुंठ्यांचा वास येतो. भावाविरुद्ध बोलणारा खरं बोलत असेलही, पण त्यात त्याचा फायदा आहे. गप्प बसणारी बहीण भित्री असेल, किंवा ती कुणाला तरी वाचवत असेल. इंग्रजी कादंबरीत मृत्युपत्र वाचून झालं की हेतू कळतात. इथे तपास जसा पुढे सरकेल तसे हेतूच बदलत जातात. हे सुचलं तेव्हापासून मला वाटतं की हा प्रकार आपल्या भूमीत लिहिला तर तो मूळ इंग्रजीपेक्षा खोल जाईल.

आणि शोधक कोण? माझ्या मनात त्याचं उत्तर पक्कं आहे. आगरी लग्नांत धवलारीण असते. धवले म्हणत हळदीपासून पुढचे विधी चालवणारी, भटजीचा मान असलेली जाणती बाई. ती गावातल्या घराघरांत गेलेली असते, आणि तेही घर सर्वांत उघडं असतं अशा दिवशी. कोणती मावशी हळदीला आली नाही, कोणत्या काकाला बोलावणं गेलं नाही, नवरीच्या अंगावरचे दागिने कोणाच्या पेटीतले, थोरल्या सुनेने कशाला हात लावायला नकार दिला, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. नातीगोती तिला तोंडपाठ लागतात, कारण त्याशिवाय तिचं कामच चालत नाही. मिस मार्पलला जे गाव कळायला आयुष्यभर खिडकीत बसावं लागलं, ते हिला लग्नाच्या एका हंगामात कळतं.

तिला सातबारा वाचता येणार नाही कदाचित. तिथे शिकलेली नात लागेल, डोंबिवलीच्या कॉलेजात जाणारी, नव्या पुलावरून स्कूटी घेऊन येणारी, मोबाइलवर उतारा काढून आजीला वाचून दाखवणारी. फेरफाराचा क्रमांक नातीने सांगायचा आणि त्या साली त्या घरात कोणाचं लग्न मोडलं होतं ते आजीने. आजीजवळ घरातलं कोणी रडत बोलून गेलं, तर ते शब्द न्यायालयात उभे राहू शकतात आणि मुद्रांक विक्रेत्याची नोंदवही त्यांना दुजोरा देऊ शकते. लिहिणाऱ्याने मात्र घरी बसून लिहू नये. चावडीत जाऊन जुने फेरफार वाचावेत, एक तरी दिवाणी दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा, आणि मे महिन्यात एखाद्या हळदीला, बायकांच्या बाजूला, कोणाला जागा मिळते आणि कोणाला उभं राहावं लागतं ते पाहत बसावं.